मांडीचा वाटा

भामाबाई : आन हाडं?

आश्रुबा : कसली हाडं?

भामाबाई : वाट्यातली. समदा खिमा करून बसलास. हाडं कुठं ठिवलीस? रश्शाला लागतील मला.

आश्रुबा : रस्सा नाही करायचा आज. आज बर्गर. ग्रीक बर्गर. तू नुसतं बसून राहायचं, माय. तुझा पोरगा जहाजावरचा कुक हाय.

भामाबाई : तू जहाजावर कुक आसशील. हितं चूल माझी हाय. हाडं कुठं हायत ते सांग.

आश्रुबा : नव्हतीच.

भामाबाई : मेंढराला हाडं नव्हती?

आश्रुबा : मेंढराला होती गं. आपल्या वाट्यात नव्हती. निघाला एखाद्या बारीला मऊ वाटा. ती काकडी दे इकडं, अन् खिसणी कुठं हाय?

भामाबाई : खिसणी फळीवर. आन थांब, हात धुवू नगंस. टँकर उद्या यायचाय. त्या फडक्याला पूस.

आश्रुबा : खिम्याचे हात फडक्याला पुसू?

भामाबाई : मग चाट. पर पाण्याला हात लावू नगं.

आश्रुबा : बरं बाई. हे बघ, खिम्यात कांदा, लसूण, मीठ, मिरपूड. अन् हे बॅगेतून आणलंय, ओरेगानो. वास घे.

भामाबाई : हा तर ओव्याचा पाला.

आश्रुबा : ओव्याचा नाही. ग्रीसमध्ये डोंगरात उगवतो हा. आमचा मोठा कुक हाय ना, म्हातारा, तो उन्हाळ्यात घरी गेला की स्वतः तोडून आणतो. मला म्हणला, आश, तुझ्या आईला ने. तिकडं मला आश म्हणतात. आश्रुबा त्यांच्या तोंडात बसत नाही.

भामाबाई : त्याला दंडवत सांग माझा. डोंगर तर आपल्याकडं बी हाय, धारूरच्या वर. औंदा त्याच्यावर काटक्या उगवल्यात निसत्या.

आश्रुबा : अन् दह्याचं बघितलंस? रात्री टांगलेलं, आता कसा घट्ट चक्का झालाय. यात काकडी पिळून घालायची, लसूण, पुदिना, लिंबू.

भामाबाई : मंजे कोशिंबीर.

आश्रुबा : कोशिंबीर नाही, सॉस. ग्रीक लोक त्याला त्झात्झिकी म्हणतात.

भामाबाई : काय बी म्हणू दे. खालचं पाणी सांडू नगं. त्या आंबट पाण्यात मी भाकरीचं पीठ भिजवनार हाय. काकडीचं बी पिळून त्याच्यातच घाल.

आश्रुबा : माय, तू एक दिवस तरी...

भामाबाई : एक दिवस काय? आश्रू, हिकडं बघ. ह्या समद्या आयुष्यात माझ्या वाट्याला निसती मांडी कधी आली न्हाई. सटवा मेंढरू कापून कसा ढीग घालतो ते मला पाठ हाय. बरगडीचा एक तुकडा, नळीचा एक, काळजाचा, चरबीचा. सात घरं तर सात ढीग, आन समद्यांत समदं. मांडी येगळी काडतच न्हाई त्यो.

आश्रुबा : काढली असंल आज.

भामाबाई : कावून?

आश्रुबा : मला काय माहीत? खिमा जरा जाडसर ठेवलाय बघ. जास्त मळायचा नसतो, मळला की रबर होतो. आता गोळा घे. असा. भाकरीसारखं थापू नको गं, जाड ठेव. अन् मधोमध अंगठ्यानं खळगा कर. नाहीतर तव्यावर फुगून चेंडू होतो.

भामाबाई : मी अंगठा दाबते. तू तोंड उघड. सकाळी वाट्यावर बोट कोन ठिवत हुतं?

आश्रुबा : मी.

भामाबाई : मी पाठ करून बसलेली. तूच म्हनलास, माय, आज छबुमावशीला राहू दे, मी ठेवतो बोट. मला बी बरं वाटलं. म्हनलं, नऊ महिन्यानं पोरगं घरी आलंय, बायांच्या सोसायटीच्या कामात पडतंय.

आश्रुबा : मग ठेवलं की बोट. एकेका ढिगावर ठेवलं, 'हा कुणाचा' विचारलं. तू नाव घेतलंस, त्याचा तो वाटा. तू तर बघत पण नव्हतीस. नाव तुझ्याच तोंडचं. माझा काय संबंध?

भामाबाई : व्हय. नाव माझ्याच तोंडचं.

आश्रुबा : मग झालं तर.

भामाबाई : आन माझं नाव मी कवा घेते?

आश्रुबा : ...तवा तापला वाटतं.

भामाबाई : तवा तापू दे. मी माझं नाव कवा घेते, आश्रू?

आश्रुबा : शेवटी.

भामाबाई : कावून शेवटी?

आश्रुबा : आजीनं घातलेला नियम. नाव घेणारीचं नाव शेवटी. उरलेला वाटा तिचा.

भामाबाई : मंजे तुला ठाऊक हुतं. साती ढिगातला जो तू शेवटपातुर राखशील, त्यो आपल्या घरात येनार.

आश्रुबा : माय...

भामाबाई : सटवाला काय दिलंस?

आश्रुबा : काही दिलं नाही त्याला. लायटर दिला. त्याला आवडला होता म्हणून दिला. मग नुसतं म्हणलो, मामा, एक वाटा मांडीचा कर, बिनहाडाचा, मला खिमा करायचाय. तराजूत सारखाच होता, माय! तू सटवाला विचार. मी स्वतः मोजून घेतला. बाकीच्यांपेक्षा एक बोटीसुद्धा जास्त नाही.

भामाबाई : बाकीच्यांत हाडं हुती की रं. आपली बी हाडं त्यांच्यात गेली. त्यांनी हाडाचं वजन न्हेलं आन तू मांसाचं.

आश्रुबा : मोठा गुन्हा केला का मी? एक वाटा! वर्षानुवर्षं तू सोसायटी चालवतीस. एकदा तुला मांडी आली तर काय आभाळ पडलं?

भामाबाई : मी वळले तवा बाया गप हुत्या.

आश्रुबा : कधी?

भामाबाई : सकाळी. माझं नाव घेऊन मी वळले. दर बारीला गलका असतो. कुणी म्हनतं माझ्यात काळीज कमी, कुणी म्हनतं चरबीच लई. हसतात, भांडतात. आज एक बी बोलली न्हाई. मी म्हनलं, केशरचं कोकरू हुतं, तिनं दावणीला वाडवल्यालं, म्हणून वाईट वाटत आसंल. बाजारात मातीमोल इकण्यापरीस आपल्या लेकराबाळांच्या तोंडी पडू दे, असं समद्यांनी मिळून ठरवलं, तरी वाटतंच. मी केशरच्या पाठीवरनं हात फिरवला. माझं मला ग्वाड वाटलं. आन त्या समद्या बघत हुत्या की रं! त्यांच्या डोळ्याम्होरं तू बोट फिरवीत हुतास, मांडी सोडून. त्यांना कळंना का?

आश्रुबा : कुणी काही बोललं नाही.

भामाबाई : बोलतील कशा? अध्यक्षबाईचं पोरगं. फारीनचं.

आश्रुबा : तू उगं वाढवून...

भामाबाई : त्यांना वाटलं आसंल, माय-लेकांनी घरूनच ठरवून आनलंय. मला बी तसंच वाटलं आसतं. तुझी आजी ताराबाई, तिनं ही पाठ करायची रीत कावून घातली, सांगितलंय तुला?

आश्रुबा : सांगितलंय. शंभरदा.

भामाबाई : आता एकशे एक. गावाच्या वाटणीत आपल्या आळीला काय यायचं? खूर आन मुंडकं. त्ये बी समद्यांचं घेऊन झाल्यावर. मांडी कुनाची हे आधीच ठरल्यालं असायचं. म्हणून आपण धम्मात आलो तवा तुझी आजी म्हनली, आता आपलं आपण वाटू, आन वाटणाऱ्याला डोळे नकोत. तवापास्नं सात घरांत कुनाच्या वाट्याला काय जाईल ते कुनाला ठाऊक नसतंय. आन तू ते ठाऊक करून घेतलंस.

आश्रुबा : मी माझ्यासाठी केलं का?

भामाबाई : मग कुनासाठी?

आश्रुबा : तुझ्यासाठी! तुला आठवतं का, मागं व्हिडिओ कॉल केलता मी? डेकवर बसून जेवत होतो. तू म्हणलीस, आश्रू, ते गोल गोल काय खातूस, मऊ दिसतंय, माझ्या हिरड्यांना जमंल. हसलीस तू. तुझ्या दाढा गेल्यात हे मला त्या दिवशी कळलं, फोनवर. तू वाट्यातली हाडं चोखतीस अन् मऊ मऊ माझ्या ताटात घालतीस. मागल्या सुट्टीला घातलंस, त्याच्या आधी पण घातलंस. अन् मी खाल्लं. मला वाटायचं, तुला हाडंच आवडतात.

भामाबाई : आवडतात बी.

आश्रुबा : खोटं बोलू नको, माय. मला लाज वाटते. तिकडं बटन दाबलं की गोडं पाणी. उरलेलं मटण आम्ही समुद्रात टाकतो, माशांना. अन् तू फोन फिरवून मला टँकरची लाईन दाखवायचीस, 'बघ कशी जत्रा भरली' म्हणायचीस. मी फोन ठेवून जेवायला जायचो. म्हणून ठरवलं, जायच्या आधी एकदा तरी तिला असं खाऊ घालायचं की चावावं पण लागू नये. चार दिवस झालं त्याच्याच मागं हाय मी. पाव युसूफ-वडगावहून आणले, पुदिना केजहून. मांडी कुठून आणू? अख्ख्या पंचक्रोशीत या दुष्काळात मेंढरू कापलं ते तुमच्या सोसायटीनं. मग केलं. परवा मी जाणार, अन् पुन्हा नऊ महिने.

भामाबाई : ये, हिकडं ये. डोळं पूस. खिम्याच्या हातानं न्हवं, कांदा लागंल.

आश्रुबा : राहू दे.

भामाबाई : मला सांगितलं आसतंस तर मी बायांना म्हनले असते, माझं पोरगं चाललंय, मला ह्या बारीला मांडी द्या. त्यांनी हसत दिली असती. केशरनं तर आपल्या हातानं आणून दिली असती.

आश्रुबा : तू मागितली असतीस?

भामाबाई : ...न्हाई. न्हाई मागितली असती.

आश्रुबा : बघ.

भामाबाई : उद्या कारखान्यावरनं उसाच्या वाढ्याची गाडी यायचीय जनावरांच्या छावणीवर. सोसायटीच्या पेंड्या मी वाटायच्या. एक पेंडी हिरवी, एक वाळल्याली, कुनाला कुठली ते कसं ठरतं? अशीच पाठ करून ठरतं. जनावरं दावणीला हंबरत्यात आन बाया माझ्या पाठीकडं बघत्यात. शेत न्हाई, शिक्षण न्हाई, माझ्याजवळ ही पाठच हुती, आश्रू. तिच्यावर इस्वास हुता. तू तिच्याच आडून चोरी केलीस.

आश्रुबा : चुकलो. चुकलो म्हणतो ना मी. आता काय करू? खिमा परत मांडीला चिकटवू?

भामाबाई : किती करनार हुतास हे?

आश्रुबा : चार. मोठे मोठे. दोन तुला, एक मला, एक संध्याकाळला.

भामाबाई : मोड समदे. सात कर.

आश्रुबा : सात? बारके होतील, माय. तव्यावर वाळून जातील.

भामाबाई : होऊ दे बारके.

आश्रुबा : त्यांच्याकडं त्यांचे वाटे हायत की. आपल्यातलं अर्धं-निम्मं दिलं तरी...

भामाबाई : सात. सारखे. आन खळगा मी करते, तुझं बोट आज लई चाललं.

केशरबाई : हाय का कुणी घरात? अध्यक्षबाई? वास तर कसला सुटलाय, बया. रस्त्यापतोर.

भामाबाई : ये केशर. बस. जयभीम.

केशरबाई : जयभीम. बसत न्हाई मी. ही वाटी द्यायला आलते. म्हणलं, तुमच्या वाट्याला आज हाडूक आलं न्हाई. रश्शाला चव कशी यायची? आमच्यात लई निघाली. नळी टाकलीय बघा यात, अख्खी. तुमाला चोखायला आवडती म्हणून.

आश्रुबा : मावशी, मी...

केशरबाई : तू भाज बाबा, जळंल तुझं. मी म्हणलं, रस्सा झाकून ठिवला तर सांच्याला इटतो. म्हणून आले.

भामाबाई : केशर, मला ठाऊक न्हवतं गं.

केशरबाई : काय?

भामाबाई : तुला कळतंय मी काय म्हनते ते. मांडीचं. मला आत्ता कळलं, हाडं हुडकताना. तुझ्या कोकराची शपथ.

केशरबाई : शपथ कशाला घेता? मला वाटलंच हुतं. मी म्हणलं बायांना, म्हणलं, तिला ठाऊक नसंल. तसं असतं तर ती वळल्याव आपल्याकडं बघून हसली नसती. म्हणून तर वाटी घेऊन आले.

भामाबाई : बाकीच्या?

केशरबाई : बाकीच्या न्हाई आल्या.

भामाबाई : काय म्हनत्यात?

केशरबाई : आता जाऊ द्या की. पोरगं परवा चाललंय. त्याला गोड तोंडानं...

भामाबाई : केशर, काय म्हनत्यात?

केशरबाई : पारूबाई म्हणली, उद्या छावणीवर तराजू आणू. पेंड्या मोजून घेऊ, नाव-बिव नको. मालन नुसती माती उकरत बसली काडीनं. गीताबाई म्हणली, अध्यक्षबाई बी शेवटी माणूसच हाय. तिनं वाईट म्हणून न्हाई म्हणलं. पर मला त्येच लई लागलं.

भामाबाई : बरोबर म्हनली.

आश्रुबा : मावशी, चूक माझी हाय. मायला खरंच माहीत नव्हतं. मी सगळ्यांच्या घरी जाऊन सांगतो.

केशरबाई : तू सांगून काय व्हनार? माय वाचवायला पोरगं बोलनारच की रं. तुझ्या जागी माझा आसता तर त्यो बी बोलला असता.

आश्रुबा : मग कसं पटणार त्यांना?

भामाबाई : कुठं हायत बाया?

केशरबाई : हितंच, लिंबाखाली. टँकरची टिपाडं लावून बसल्यात.

भामाबाई : बोलाव. पारूला आधी बोलाव. आन वाटे मांडायला सटवाचा लाकडी ओंडका नगं, परात हाय माझी. आश्रू, झाले का भाजून?

आश्रुबा : होत आलेत. पाव शेकतो. सॉस वरून लावायचा, सगळ्यात शेवटी.

भामाबाई : साती पावांना सारखा लाव. चमचा भरून, वर बोटानं सपाट करून. आन तू अंगणात लांब हुबा राहायचं, बाजंच्या पल्याड. हात पाठीमागं.

आश्रुबा : हात पाठीमागं कशाला?

भामाबाई : मी म्हनते म्हणून.

(अंगण. परातीत सात बर्गर. लिंबाखालच्या बाया येऊन उभ्या आहेत. भामाबाई त्यांच्याकडे पाठ करून जोत्यावर बसली आहे.)

केशरबाई : बोट मी ठिवू का पारू ठेवंल?

भामाबाई : पारूनं सांगावं कुनी ठिवायचं ते.

केशरबाई : ती मान हलवती, म्हणती तूच ठेव.

भामाबाई : मग ठेव. फिरवून ठेव, वळीनं नगं. सांगायचं ते मघाशी दारात सांगितलं. सकाळी माझ्या पाठीआड जे झालं ते माझ्या घरचं पाप हाय. मला वळून माफी मागायची हाय, पर आधी वाटणी. विचार.

केशरबाई : हा कुणाचा?

भामाबाई : छबुबाईचा.

केशरबाई : घे गं. गरम हाय, पदरात धर. हा कुणाचा?

भामाबाई : पारूबाईचा.

केशरबाई : पारू, घे. घे की, बघती काय? पारूला वरचं पांढरं काय हाय ते इचारायचंय, आश्रू.

आश्रुबा : दही हाय, मावशी. काकडी अन् पुदिना घातलेलं. कोशिंबीर म्हणा.

केशरबाई : कोशिंबीर हाय गं, खा. हा कुणाचा?

भामाबाई : मालनबाईचा.

केशरबाई : हा?

भामाबाई : सुंदरबाईचा. आली का ती?

केशरबाई : आली. पोराला कडंवर घेऊन आली. हा कुणाचा?

भामाबाई : गीताबाईचा.

केशरबाई : गीता म्हणती, मऊ हाय, अध्यक्षबाई. म्हणती, पोरानं हाताला चव आणलीय. हा कुणाचा?

भामाबाई : तुझा. केशरचा.

केशरबाई : हा माझा. बरं. आन ह्यो एक राहिला.

आश्रुबा : तो बघ, चांगला भाजलाय तो. मावशीनं मुद्दाम नाही ठेवला, माय, मी बघत होतो. आपोआप राहिला.

केशरबाई : ह्यो कुणाचा, अध्यक्षबाई?

आश्रुबा : माय. गार होतोय.

केशरबाई : बाया थांबल्यात बघा. कुणी तोंडाला लावला न्हाई अजून. पारू म्हणती, तिला बी घेऊ द्या, मग खाऊ. ह्यो कुणाचा?

आश्रुबा : नाव घे की, माय. तुझंच राहिलंय.

भामाबाई : माझं नाव सकाळीच घेऊन झालंय.